घुंगरं थांबली की…

डिसेंबरातली सकाळ, सव्वासहाची. आळे गावच्या शिवारात धुकं असं दाटलेलं, की आपलाच हात दिसायची मारामार. तेजस्विनी शंभर पावलं धावली, दोनशे चालली, आणि 'कुणी सांगितलं होतं मला हे!' म्हणत पुन्हा धावायला लागली. सांगितलं होतं धाकट्या बहिणीनं, प्राचीनं. जुन्नरच्या दहा किलोमीटरच्या दौडीत दोघींची नावं देऊन ही बया दुसऱ्याच दिवशी गोधडीत शिरली, ती काही बाहेर आली नाही.

तेवढ्यात उसाच्या कडेनं आवाज आला. हाऽ… हाऽ… हाऽ…

बिबट्या! आता आमच्या भागात बिबट्याचं कुणाला नवल नाही, पण चार हातांवर? तेजस्विनीनं पाण्याची बाटली नेम धरून भिरकावली.

"आई गंऽ! बिबट्या नाही! वायरमन आहे मी, वायरमन!"

धुक्यातून एक तरुण कपाळ चोळत उभा राहिला.

"मग गुरगुरताय कशाला?"

"गुरगुरत नाही ओ… दम… लागलाय."

सार्थक त्याचं नाव. मूळचा डिंभ्याचा, नोकरीसाठी आळ्यात खोली घेऊन राहिलेला. पोलवर चढताना धाप लागते म्हणून साहेबांनी टोमणा मारला, तेव्हा यानं रागारागात त्याच दौडीत नाव दिलेलं.

"नेम भारी आहे तुमचा," तो म्हणाला.

"आळेफाट्याला लॅबमध्ये रक्त काढते मी. शीर चुकत नाही माझी."

"तरीच," म्हणून तो हसला. कपाळावर टेंगूळ आलेलं, तरी हसला! तेजस्विनीला तो तिथंच आवडला, पण असं लगेच कबूल करील ती तेजस्विनी कसली.

घरी कळल्यावर सावळाराम आजोबा खवळले. "येकटीनं जायचं न्हाई! जोडीनं जा, आन् वाजत जा!" आजोबा जुने बैलगाडा शर्यतवाले. त्यांनी खुंटीवरच्या दोन घुंगरमाळा काढल्या. बावऱ्या बैलाची नातीच्या कमरेला बांधली, पाखऱ्याची तिला सोडायला आलेल्या सार्थकच्या.

"घुंगरं वाजत्यात तवर मी निवांत च्या पिणार. थांबली, की सगळी वस्ती काठ्या घिऊन आली म्हनून समजा."

झालं. रोज सकाळी बावऱ्या-पाखऱ्याची जोडी छुनछुन करत वस्तीभोवतीच्या फेऱ्यांना निघायची. सार्थक अंतर पोलांवर मोजायचा. "आणखी चार पोल! चारच! मग चालू." चार झाले की ती म्हणायची, "त्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपर्यंत चला, एवढ्यात काय बसता!" कधी ती रडकुंडीला यायची, कधी तो. पण एकानं हाय खाल्ली की दुसऱ्याला आपोआप जोर चढायचा. तिळगुळापर्यंत दोघं न थांबता आठ किलोमीटर जायला लागले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण पुढचं काही होईना.

कारण बोलायचं कधी? पळताना याला दम पुरत नाही. चालायला लागलं की शेतातून कुणीतरी हाक मारणार, "ओ वायरमन, लाईट कवा येनार?" आणि थांबलं, तर काठ्या. फोनवर हा पठ्ठ्या नुसते अंगठे पाठवायचा.

दौडीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, धावता धावताच तो म्हणाला, "माझी… बदली… झाली. डिंभ्याला… सोमवारी… हजर…"

तेजस्विनीचे पाय चालूच राहिले. डिंभ्याची एसटी म्हणजे आली तर आली. दौड झाल्यावर हा तिकडं, आपण इकडं, आणि सकाळी धावायचं कुणासाठी? त्या दिवशी लॅबमध्ये पहिल्यांदा तिची शीर चुकली, तीही दोनदा.

शनिवारी शेवटचा सराव. वीस पोल झाले तरी सार्थक नुसता पोलच मोजत होता.

"काही बोलायचंय का तुला?" तिनं शेवटी विचारलंच.

"आहे… पण… दम…"

"मग चाल."

तो चालायला लागला. "तेजस्विनी, मला…"

"ओ वायरमन!" कांद्यातून दादाभाऊ ओरडले. "थ्री फेज कवा?"

"आठ वाजता, भाऊ! हां, तर तेजस्विनी, मी…"

"वायरमन!" आता हौशीराम. "आमचा मीटर लई पळतोय राव!"

"मीटर तरी पळतोय, काका! मला कुठं पळू देताय!"

आणि तो तरातरा पुढं जाऊन एका पोलखाली थांबला. कमरेची माळ सोडली. "तुझी पण दे." दोन्ही हातांत दोन माळा धरून तो त्या गदागदा हलवायला लागला. छुन छुन छुन छुन!

"आता आजोबांना वाटेल पळतोय. ऐक. मला पोलवर चढताना आता दम लागत नाही. पण सोमवारपासून तू दिसणार नाहीस, हे मनात आलं की लागतो. मला तू पाहिजेस. धावायला नाही… म्हणजे धावायला पण… सगळ्यालाच."

छुन छुन छुन.

"हात दुखले का रे?" तिनं विचारलं.

"लई."

"मग थांबव की." तिनं त्याची दोन्ही मनगटं घट्ट धरली.

धुक्यात सगळं शांत झालं. किती वेळ कोण जाणे… दोघांनाही बरं वाटत होतं, एवढं खरं.

आणि मग वस्तीकडून एकच कल्ला उठला! डबे, काठ्या, कुत्री. सगळ्यात पुढं सावळाराम आजोबा, मागं धोंडाबाई आजी उलथनं घेऊन, आणि त्यांच्या मागं प्राची, चक्क गोधडीतून बाहेर.

"कुठंय बिबट्या?"

सार्थक म्हणाला, "बिबट्या नाही, आजोबा. वायरमन आहे."

"मंग घुंगरं का थांबली?"

"मला… तुमची तेजस्विनी आवडते. तेच सांगत होतो. पळताना दम पुरत नव्हता."

आजोबांनी त्या मनगटांकडं बघितलं. "ह्यानं हात धरला तुजा?"

"नाही आजोबा, मी धरलाय," तेजस्विनी म्हणाली, आणि सोडला नाही.

आजीनं उलथनं खाली केलं. "दीड म्हैना ऐकतीया मी. आधी दोन घुंगरं येगळी वाजायची, आता येकच वाजतंय. समद्या वस्तीला कळलं, ह्यास्नीच तेवढं कळंना!"

आजोबांनी मिशीतल्या मिशीत काय ते म्हणून घेतलं आणि सगळ्यांना चहाला हाकललं.

रविवारी दौडीत दोघं शेवटून तिसरे आले. घुंगरांचा आवाज ऐकून रस्त्यातली माणसं गाडा आला म्हणून बाजूला उड्या मारत होती, आणि रेघेपलीकडं सत्तर वर्षांचे आजोबा फेटा उडवत ओरडत होते, "भिर्रर्रऽऽ!"

दम खाऊन झाल्यावर सार्थकनं पाखऱ्याची माळ सोडून त्यांच्यापुढं धरली.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडं," आजोबा म्हणाले. "जोडीतली हाय ती. डिंभ्याला घिऊन जा. पन येक ध्यानात ठेव."

"काय, आजोबा?"

"दर रविवारी हितं आमच्या दारात वाजली पायजे. न्हाई वाजली, तर सगळी वस्ती काठ्या घिऊन डिंभ्याला यील."