डावीकडे सरकणारं यंत्र

त्या गुरुवारी मी काराकोलच्या बाजारातून दोनच गोष्टी आणल्या. तळणीसाठी तेल आणि यंत्रासाठी नवा कटर. तेल मेदेरसाठी होतं, कटर माझ्यासाठी.

मेदेर माझा नवरा. पानगळ संपता संपता गेला. घरामागच्या शेडमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या. आमच्याकडे, किर्गिझ लोकांत, गुरुवारी गेलेल्या माणसाच्या नावाने बोरसोक तळतात. कणकेचे ते तुकडे फुलायला लागले, की तेलाच्या वासावर आत्मे घरी येतात म्हणे. सासूबाई कढईसमोर डोळे मिटून बसायच्या.

"आला का गं?"

"नाही, आई."

"तेल नीट तापलं नसेल."

मी बोरसोक उलटत राहायची. जिवंतपणी तरी तो स्वयंपाकघरात कधी आला होता?

त्याचा जीव त्या शेडमध्ये. तिथे त्याने स्वतःच्या हातांनी सीएनसी यंत्र उभं केलं होतं. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावरून सरकणारा आडवा पूल आणि पुलावर गरगर फिरणारा कटर. संगणकात नक्षी भरली की यंत्र ती लाकडात आपली आपण कोरतं. कामावरून आला की तो तिथे. मी चहा घेऊन गेले की मान वर न करता म्हणायचा, "दार लाव, गारठा येतोय." मी आत उभी असले तरी 'दार लाव' म्हणजे बाहेर जाऊन लाव. माझा निम्मा संसार त्या दाराबाहेर झाला.

त्याच्या मागे एक काम अर्धवट राहिलं होतं. जवळच्या सरोवराकाठी पाहुण्यांसाठी तंबू लावणाऱ्या एकाला तंबूच्या दारांच्या फळ्या कोरून हव्या होत्या, एडक्याच्या शिंगांच्या नक्षीच्या. ते मी पुरं केलं असतं तर पुढची कामं मिळाली असती. नाहीतर बिश्केकला भावाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोच्या भुवया बघत जेवायचं. म्हणून मी यंत्र शिकले. थोडं चहाचा कप हातात धरून पाहिलेलं होतं, बाकीचं इंटरनेटवर सापडलं.

पण फळी काही धड उतरेना. अर्धी नक्षी सुरेख यायची, मग यंत्र मध्येच बोटभर डावीकडे सरकायचं आणि पुढची शिंगं मागच्या शिंगांवर चढायची. चांगलं अक्रोडाचं लाकूड वाया जात होतं. कटर बोथट झाला असेल म्हणून नवा आणला, आणि दुपारी मेदेरच्या दोस्ताला, शायलोला बोलावलं.

"भुताटकी नाही वहिनी, स्क्रू ढिला असणार," तो हसत म्हणाला. यंत्राखाली आडवा होऊन त्याने मोटरची कपलिंग आवळली, पट्टे ताणले, मी दाखवल्या त्या तारा तपासल्या. "यंत्राची इतकी माहिती तुम्हाला कशी? मेदेरने शिकवलं?"

"मेदेरने मला दार लावायला शिकवलं."

तो पुन्हा तारांकडे वळला.

मी चहा करायला घरात गेले. परत आले तेव्हा शायलो दारातच उभा, चेहरा फुललेला. "बघा, निम्म्याच्या पुढे गेलं. एक सूत हललं नाही." मी आत पाऊल टाकलं, यंत्राजवळ गेले. पूल बारीकसा कण्हला आणि बोटभर डावीकडे सरकला.

शायलोने यंत्र थांबवलं. नवी फळी बसवली, मला अंगणात उभं केलं. यंत्र नीट चाललं. मला आत बोलावलं, पुन्हा सरकलं.

"तुमची शाल," तो म्हणाला. "लोकरीची आहे. कोरड्या हवेत लोकरीवर वीज साठते, तिच्याने यंत्र बिचकतं." मी शाल काढून ठेवली. त्याने यंत्राला अर्थिंगची वेगळी तार जोडली, जमिनीवर पाणी शिंपडलं. मी सुती कपड्यांत कुडकुडत उभी राहिले. पूल पुन्हा सरकला.

शायलोचं हसू मावळलं. "वहिनी... तुम्ही बाहेर थांबाल का? म्हणजे... काम तरी होऊन जाईल."

"अगदी तुझ्या मित्रासारखा बोललास."

 वीज बंद करून तो सिगारेट ओढायला फाटकाकडे गेला.

मी एकटी उरले. बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता, खिडकीतून राखाडी उजेड येत होता. यंत्राचा पंखाही बंद, त्यामुळे इतकं शांत की लाकडाचा भुसा टेबलावरून खाली गळतानाही ऐकू यावा. मी पुलावर हात ठेवला.

तो हलला.

मोटरीत वीज नव्हती. बेअरिंग हळूच कुजबुजल्यासारखी वाजली आणि पुलाने माझा तळवा रेटला. झटका नव्हता. आपण एखाद्याला खांद्याला धरून वाटेतून बाजूला करतो, तसा सावकाश, कंटाळलेला रेटा. मग वास आला. तेलाचा नाही. तारा जोडताना तापलेल्या कथलाचा आणि न धुतलेल्या स्वेटरचा, मेदेरच्या मानेला यायचा तो.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डावीकडे दार होतं.

भीती वाटली का? वाटली. पण तिच्याही आधी राग आला.

"म्हणजे तू इथे आहेस," मी म्हणाले. "तुझी आई दर गुरुवारी कढईपुढे वाट बघते... आणि तू इथे आहेस."

पूल आणखी रेटला. माझा पाय भुशावरून घसरला. मी दुसरा हातही लावला आणि सगळा भार टाकून उभी राहिले.

"मी नाही जाणार. हे काम माझं आहे. ही शेड माझी आहे." माझा आवाज मला ओळखू येईना. "आता तू बाहेर हो, मेदेर. आणि जाताना दार लाव... गारठा येतोय."

 मग हाताखालचा जोर हळूहळू ओसरला. माझ्या गालाजवळून गार झुळूक गेली. दार उघडलं आणि पुन्हा लागलं. आपटलं नाही, नीट लागलं.

शायलो परत आला. "दार लोटून का घेतलंत, वहिनी?" मी त्याला यंत्र सुरू करायला सांगितलं. मी शेजारी उभी होते. नक्षी शेवटपर्यंत उतरली.

त्या फळ्या वसंतात सरोवराकाठी गेल्या. पुढची कामं मिळाली, मी काराकोलमध्येच राहिले. यंत्र पुन्हा कधी सरकलं नाही. एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला हे सांगत बसले नसते.

यंत्र नीट चाललं, त्याच संध्याकाळची गोष्ट. शायलो घरी गेला होता. मी यंत्र पुसलं, दिवा मालवला आणि दार ढकललं. उघडेना. त्या दाराला बाहेरून कडीच नाही. खांदा लावला तसं ते जरासं सरकलं आणि मऊपणे परत आलं, कुणीतरी पाठ टेकून बसलं असावं तसं.

"मेदेर..." मी म्हणाले.  मी दारावर तळवा टेकवला. मग पलीकडचं वजन सावकाश उठलं आणि दार आपसूक उघडलं.

अंगणात कुणी नव्हतं. तासाभरात घोटाभर बर्फ साचला होता, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. फक्त उंबऱ्यापुढची फरशी, बसलेल्या माणसाएवढी, कोरडी होती. मी वाकून हात लावला. ऊबदार होती. वरून बर्फ पडत होता, पण तेवढ्या जागेवर टिकत नव्हता.