खरवडून बघा

इंदापूर-बारामती एसटीत तो माझ्या शेजारी बसला, कारण दुसरी जागाच नव्हती. निमगाव केतकीला चढला, पिशवी मांडीवर घेतली आणि मान मागं टाकून झोपला. मला त्याचा हेवा वाटला. झोप मलाही येत होती… पण माझ्या मांडीवर कार्ड होतं आणि हातात रुपयाचं नाणं.

मी बारामतीत बालवाडीच्या पोरांना शिकवते. महिला दिनाला प्रत्येक पोरानं आपल्या आईला घरी बनवलेलं स्क्रॅच कार्ड द्यायचं, असं आमच्या मोठ्या बाईंना मोबाइलवर बघून सुचलं होतं. त्यांना सुचलं की करायचं आम्ही. आत मजकूर लिहायचा, वर चंदेरी रंग फासायचा, आईनं नाण्यानं खरवडलं की अक्षरं दिसणार. दिसणार म्हणे! मी खरवडत राहिले आणि शेवटी कागदच फाटला.

"रंगात भांड्याचा साबण घातला न्हाय का?" शेजारून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"तुमाला काय माहीत?"

"दिवाळीत भाचीनं केलं होतं, मॅडम. माझ्या शर्टावर अजून हाय तो रंग."

त्याचं नाव संदेश. माळेगावला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचा. हंगामी नोकरी, गाळप संपलं की घरी. रात्री लाइट आली की डाळिंबाला पाणी, दिवसा कारखाना, त्यामुळे झोप काय ती एसटीत. तरी रोज माझ्यासाठी तो जागा राहू लागला.

कारण रोज एक कार्ड त्याच्याकडून तपासून घ्यायचं ठरलं होतं. साबण जास्त झाला की रंग तडकायचा, कमी झाला की निघायचा नाही. मग कळलं, अक्षरांवर आधी पारदर्शक चिकटपट्टी लावायची, रंग तिच्यावर. नमुन्याच्या कार्डात मी काहीबाही लिहायचे. 'आज डब्यात काय?' तो सावकाश खरवडायचा, फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "मेथी. देऊ का?" एकदा लिहिलं, 'झोपला तर घोरता.' त्यानं ते दोनदा वाचलं, खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत हसत राहिला. मला उगाच लाजायला झालं. आवडायला लागला होता तो मला, उगाच कशाला आढेवेढे घेऊ?

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. गेली काही वर्षं मी पाहुण्यांसमोर पोहे नेऊन ठेवत होते. ते खायचे, माझी उंची विचारायचे, 'कळवतो' म्हणून जायचे आणि आई नि मी बशा विसळायचो. या खेपेला पुण्याच्या स्थळाची फोटोवरच पसंती आली. रविवारी बघायचं आणि लगेच सुपारी फोडायची, असं संभाजीमामानं परस्पर ठरवूनही टाकलं. नको म्हणायला अंगात जोर लागतो. माझ्यात तो उरलाच नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी पोरांची सगळी कार्डं उरकली आणि शेवटचं त्याच्यासाठी घेतलं. चिकटपट्टी संपली होती. चालतंय, म्हटलं. पेन उचललं, ठेवलं… आणि पेन्सिलीनं लिहिलं. पेन्सिलीचं कसं, वेळ आली तर खोडता येतं. वर रंग फासला नि झोपले.

शनिवारी त्यानं खरवडायला घेतलं. रंग निघाला आणि रंगाबरोबर अक्षरंही निघाली. नुसता करडा फराटा राहिला.

"कोरं हाय, मॅडम."

"पेन्सिलीनं लिवलं होतं."

"का?"

"भ्याले होते."

एसटी बारामतीच्या स्टँडात शिरत होती. लोक उठले, पिशव्या डोक्यावरून जायला लागल्या. काय लिहिलं होतं, असं त्यानं हळूच विचारलं. काही नाही म्हणून उतरून जाता आलं असतं. पण मी फार दमले होते, हसून दमले होते, साडीच्या निऱ्या घालून दमले होते. लपवायचाही कंटाळा आला.

"उद्या अकराला पुण्याचे पाहुणे येणार हायत. सुपारी फोडूनच जाणार. मला न्हाय करायचं ते. मला… तुमच्याबरोबर राहायचंय."

तो कार्डावरचा फराटा बोटानं पुसत बसला. मला वाटलं, संपलं.

"नऊला आलो तर चालंल का?" तो म्हणाला. "आई, तात्या आन् मी. आमी कळवतो-बिळवतो म्हणणार न्हाय. पसंत हाय, हे तितंच सांगू."

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "पोहे करून ठेवते."

"अजिबात करू नका. येताना आमीच भेळ आणतो. तुमी दमलाय."

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हणालंच नव्हतं. भरल्या एसटीत मला रडू फुटलं.