सात पावलं मागे

राळेगावकडच्या एका तांड्याच्या पायवाटेवर वनखात्याने तीन खांब उभे केले होते. एकावर कॅमेरा, दुसऱ्यावर अंगाची ऊब पकडणारं यंत्र, तिसऱ्यावर रडार. वाघ आला की भोंगा वाजणार. पण आधी तिन्ही यंत्रांचं एकमेकांशी जुळायला हवं होतं. त्यासाठी तांड्यातल्या हरिसिंगने वाटेवर आखलेल्या चुन्याच्या फक्कीच्या रेषेवरून चालायचं आणि वनखात्याच्या अर्पिता मॅडमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर तिन्ही यंत्रांचे ठिपके एकावर एक बसायचे.

हे काम त्याने मागून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी चैत्रात, याच वाटेने मोहाची फुलं आणताना त्याची बायको बसंतीबाई नाहीशी झाली. तो पुढे, ती मागे. बायकोकडे वळून वळून पाहत चालणाऱ्याला तांड्यात हसतात, म्हणून त्याने पाहिलं नाही. दारात तिची टोपली उतरवायला वळला, तर मागे कोणी नव्हतं. शोधणाऱ्यांना चप्पलही सापडली नाही. ती कुठे थांबली, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

पहिल्या फेरीला उबेच्या यंत्राने दोन ठिपके दाखवले. दुसरा सात पावलं मागे.

"काका, मागे कोणी येतंय का?"

"माह्या मागं कोन येते आता?"

"मग यंत्र चुकतंय. एकालाच दिसतं ती चूक. तिघांना दिसलं तर खरं."

तिने पाना घेऊन यंत्रं रेषेला पुन्हा लावली. पुढच्या फेरीत दुसरा ठिपका रडारवरही आला. तिसऱ्या फेरीत कॅमेऱ्यानेही रिकाम्या मातीभोवती चौकट काढली. तिन्ही जुळले. बोटभर फरक नाही.

ऊन डोक्यावर आलं होतं. हरिसिंग चौथ्यांदा चालून आला.

"तो मागचा कुठं थांबते?"

"बेहड्याच्या झाडापाशी. दर वेळी तिथेच. पुढे तुम्ही एकटे."

हरिसिंग झाडाकडे पाहत राहिला. तिथून तांडा मैलभर होता.

"हे जमून नाही राह्यलं, मॅडम."

"काय?"

"त्या दिवशी झाडाच्या पुढं तर आम्ही लई बोललो. तांडा दिसेपर्यंत बोलली ते."

अर्पिताने लॅपटॉप मिटला.

"काय बोलल्या?"

"आपलं घर कोनतं, म्हने. मले वाटलं, चेष्टा करून राह्यली." तो खाली बसला. "निळ्या दाराचं, म्हनलं."