एक्केचाळीस सैनिकांचं स्टेशन

सुतारकाकांच्या वखारीत तो पहिल्यांदा आला तेव्हा पावणेनऊ वाजले होते, आणि माझं मौन सुटायला अजून पंधरा मिनिटं होती.

सकाळी नऊपर्यंत बोलायचं नाही, हा माझा आठ वर्षांचा नेम. दिवा लावावा, हात जोडावेत आणि नऊपर्यंत जीभ देवाजवळ ठेवावी, एवढंच. वखारीत बोलायची गरजही पडत नसे. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची छोटी मॉडेलं बनवते. लाकडाच्या पट्ट्या किती जाडीच्या हव्यात ते चिठ्ठीवर लिहून दिलं की काका कापून देत.

त्याच्या हातात बुटांचा खोका होता आणि बोटांना मशीनच्या तेलाचा काळपटपणा.

"काका, एवढ्याशा माणसाला आत-बाहेर करता येईल अशी इमारत कोण बांधून देईल?" असं म्हणत त्यानं खोक्यातल्या कापसातून एक शिशाचा सैनिक अलगद बाहेर काढला. बोटाएवढा. लाल कोट, गळ्यात ढोल, आणि डोकं उघडं.

काकांनी रंध्यावरचा हात न उचलता माझ्याकडे मान वळवली.

"तुम्ही?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"रेल्वे स्टेशन हवंय. मोठं दार, घड्याळाचा मनोरा... तीन महिन्यांत जमेल?"

मी जरा विचार करून पुन्हा मान हलवली.

"तुम्ही रागावलात की... म्हणजे, बोलता येत नसेल तर माफ करा, मी आपला..." तो गडबडला.

मी चिठ्ठी उलटी करून लिहिलं – नऊ वाजता बोलेन.

त्यानं ती वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सैनिकाला मांडीवर घेऊन एका ओंडक्यावर बसून राहिला. पंधरा मिनिटं. एकदाही मोबाईल काढला नाही. मी पट्ट्या मोजत होते... खरं तर एकच पट्टी चारदा मोजली.

नऊचे ठोके पडले. मी म्हटलं, "याची टोपी कुठं गेली?"

"घर आवरताना तुटली." तो हसला. "तुमचा आवाज इतका हळू आहे... नऊच्या आधी बोलला असतात तरी देवाला कळलं नसतं."

"त्याला कळतं," मी म्हटलं. "तुम्ही न कंटाळता बसलात, तेही कळलं असेल."

मग त्यानं सगळं सांगितलं. तो शिलाई मशीनं दुरुस्त करतो. त्याचे बाबा चाळीस वर्षं शिंपी होते आणि बँडवाल्यांचे कोट शिवायचे. कोटांच्या वेडापायीच त्यांनी शिशाचे सैनिक जमवले. एकूण एक्केचाळीस. आता बाबा त्याच्या बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होते, आणि तिथं काचेचं कपाट मावणार नव्हतं. संग्रहालयाच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं – नुसते रांगेत उभे केलेले सैनिक आम्ही घेत नाही, एखादा देखावा करून आणा, मग बघू. बाईंनी नाही म्हटलं तर सैनिक पुतण्या-भाच्यांत वाटून टाकायचे, असं घरात ठरलं होतं.

"आणि बाबा म्हणतात, वाटणी भावाभावांची होते, पलटणीची नाही होत."

"पण स्टेशन का? किल्ला का नको?"

"त्यांची अट आहे. लढाई नको. म्हणाले, एवढा जीव लावून कोट रंगवले ते फाटायला नाही. त्यांना घरी परत येताना दाखवा."

त्या वाक्यावर मी काम घेतलं. निदान स्वतःला मी तसं सांगितलं.

इमारत पुरी होईपर्यंत बाबा बाकीच्यांना कपाटाबाहेर काढायला तयार नव्हते. नमुना म्हणून ढोलवाला माझ्या घरच्या टेबलावर राहिला आणि मापांसाठी बाबांची वही. दर बुधवारी नि रविवारी संध्याकाळी दारावर टकटक व्हायची.

"ढोलवाल्याची खुशाली विचारायला आलो."

"बरा आहे. खात नाही, पीत नाही, बडबड नाही."

"मालकावर नाही गेला मग."

"ते दिसतंच आहे."

आई आतून म्हणायची, "त्या ढोलवाल्याला म्हणावं, आता पायपुसणं झिजलं." आणि तरी कप दोन भरायची.

दोन भिंती जोडायच्या तर गोंद धरेपर्यंत त्या हातांनी दाबून ठेवाव्या लागतात. शंभर मोजायचे. एकटीनं करताना मी चिमटे लावते, पण त्याला चिमट्यांचा भरवसा नव्हता. तो समोर बसून भिंतीची दुसरी बाजू धरायचा. कोपऱ्याशी बोटाला बोट लागायचं... मग कोणीच बोट हलवायचं नाही, कारण भिंत हलली असती.

"साठ... एकसष्ट... एकोणसाठ..."

"तुम्ही उलटे मोजताय."

"भिंत महत्त्वाची आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "घाई बरी नव्हे."

नवव्या आठवड्यात मनोरा चढला. त्यानं जुन्या मशीनच्या एका चकतीचं घड्याळ बनवून आणलं, नखाएवढं. ते बसवताना मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. त्यानं ऐकलं. कान लाल झाले.

अकराव्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी अकराला संग्रहालयात जायचं होतं. शुक्रवारी दुपारी बाबा त्याच्यासोबत पलटण घेऊन आमच्या घरी आले. एकेक सैनिक धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळलेला. त्यांनी पहिला उलगडला – उंच काळी टोपी, छातीवर सोन्याच्या बटणांची रांग. स्टेशनच्या मोठ्या दारातून तो बाहेर यायचा होता.

टोपी चौकटीला अडली.

बाबांनी दुसरा घेतला. तोही अडला. तिसरा, चौथा... तेही.

"वहीत उंची चोपन्न मिलिमीटर लिहिली आहे," मी म्हटलं. "मी दार सहासष्टचं केलं. ढोलवाला तर आरामात जातो."

"चोपन्न बरोबरच आहे, बाळ," बाबा हळूच म्हणाले. "पण सैनिक डोळ्यांपर्यंत मोजतात. टोप्या कमी-जास्त असतात, डोळे मात्र सगळ्यांचे एका रेषेत येतात. ही आम्हा जमवणाऱ्यांची रीत... तुला सांगायला हवी होती."

पायाखालच्या बैठकीपासून टोपीच्या टोकापर्यंत त्र्याहत्तर भरले. आणि माझ्याकडे एकच नमुना होता, तोही टोपी तुटलेला.

"नवी दर्शनी भिंत करायला किती दिवस?" त्यानं विचारलं.

"चार."

"बैठका जरा घासल्या तर..."

बाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग बाबा त्या चार सैनिकांना परत फडक्यात गुंडाळू लागले. घाई न करता, एकेक घडी सरळ करत. ते बघवेना मला.

मी डोळे मिटले. काही मागितलं नाही, नुसती शांत बसले. डोळे उघडले तेव्हा नजर चौकटीवर नव्हती, खाली होती. स्टेशन दोन पायऱ्यांच्या जोत्यावर उभं होतं. बारा मिलिमीटरचं जोतं.

"थांबा. गुंडाळू नका," मी बाबांना म्हटलं. "दार वर वाढत नाही. पण उंबरा खाली जाईल."

दारापुरत्या पायऱ्या काढायच्या, जोतं दहा मिलिमीटर कापायचं, आतली फरशीही तेवढीच उतरवायची. रस्ता सरळ आत जाईल. त्याला आता समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यानं बारीक पात्याची करवत उचलली, मी पट्टी धरली. तीन तास आम्ही कामाव्यतिरिक्त एक शब्द बोललो नाही. बाबा खुर्चीत बसून एका सैनिकाचं बटण पुसत होते, पुसलेलंच.

पाच वाजता पहिला सैनिक दारातून बाहेर आला. टोपीवर तीन मिलिमीटर जागा उरली.

"कापड कमी पडलं की शिंपी गिऱ्हाइकाच्या पोटाला नावं ठेवतो," बाबा म्हणाले. "तू जमिनीलाच समजावलंस."

ते आईशी बोलायला आत गेले. तो भुसा गोळा करत म्हणाला, "चूक माझी. ती रीत मला ठाऊक होती."

"विचारलं मीही नाही. अर्धी अर्धी वाटून घेऊ."

"चूक वाटून घ्यायला तयार असलेलं माणूस मिळालं ना, की..."

"की काय?"

"काही नाही. उद्या संध्याकाळी सांगतो."

शनिवारी संग्रहालयाच्या मोठ्या दालनात, घुमटाखाली आम्ही पलटण मांडली. दारातून चौघे बाहेर पडलेले, बाकीचे चौकात पसरलेले, कोणी मागे वळून सोबत्याला हाक मारणारा, पुढं उघड्या डोक्याचा ढोलवाला. रांग कुठंच नाही. संग्रहालयाच्या बाई आल्या, चष्मा सावरला, आणि चक्क गुडघ्यांवर बसल्या. सैनिकांच्या डोळ्यांच्या रेषेत डोळे आणून कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"हे कुठल्या लढाईहून परत आलेत?"

"सगळ्याच," बाबा म्हणाले.

बाई उठल्या. "मुख्य दरवाज्यासमोरचं कपाट रिकामं करायला सांगते. आल्या आल्या लोकांना हेच दिसू दे."

बाबांनी माझा हात धरला. त्यांची मान त्यांच्या पलटणीसारखी ताठ होती.

बाईंनी जाडजूड नोंदवही उघडली. "सैनिक देणारे, तुम्ही. इमारत बनवणाऱ्या, या. देणाऱ्याशी यांचं नातं?"

बाबांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं घुमटाकडे पाहिलं.

"म्हणजे... तसं बघितलं तर... अजून..."

"अजून असा रकाना नाही," बाई म्हणाल्या. "ओळखीच्या लिहू?"

ओळखीच्या. अकरा आठवड्यांच्या भिंती, उलटे मोजलेले आकडे... आणि ओळखीच्या.

"होणारी सून," मी म्हटलं.

"जरा मोठ्यानं. ऐकू नाही आलं."

आयुष्यात मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"होणारी सून."

घुमटानं ते उचललं आणि सगळ्या दालनाला सांगितलं. टोकाचा पहारेकरी वळून पाहू लागला. शाळेच्या सहलीला आलेल्या मुली एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

"मला ऐकू आलं," बाबा म्हणाले. मग मुलाला, "तुझं काय?"

तो कानापर्यंत लाल झाला होता. "मी संध्याकाळी विचारणार होतो. चार दिवस पाठ करतोय."

"मग म्हण," मी म्हटलं.

"इथं?"

"इथं."

त्यानं घसा साफ केला. "मी... म्हणजे तू जशी... सकाळी नऊपर्यंत मी पण गप्प बसेन, रोज, आणि नऊनंतर..." पुढचं सगळं विसरला. हात खिशात घातले, काढले. "नऊनंतरचं तू सांगशील तसं."

बाईंनी पेन वहीवर टेकवलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"शाईनं लिहितेय. खोडता येणार नाही. लिहू ना?"

आम्ही तिघंही एकदमच 'हो' म्हणालो.