शपथेवर सांगते

जानेवारीत आमच्या गोठलेल्या तळ्यावर पातळ चामडी बूट घालून येणारा माणूस एक तर वाट चुकलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी मयताला आलेला. हा दोन्ही नव्हता. माझ्या गळ-आमिषाच्या दुकानाचं दार ढकलून तो आत आला, पायपुसण्यावर घसरला आणि आमिषाच्या माशांच्या टाकीला मिठी मारून कसाबसा उभा राहिला. मी हसले. हसू नये असं ठरवूनही हसले.

"बर्फावर मासे धरायच्या खोपटीसाठी... गॅसचा अलार्म हवा होता," तो म्हणाला.

"खोपटी कुठे टाकलीय?"

"तळ्यावर."

"अरे वा! मला वाटलं, झाडावर."

त्याची कानशिलं लाल झाली. थंडीने म्हणावं, तर शेगडी धडधडत होती. मी माझं नाव सांगितलं, कायसा. त्याचं फेंग वांग. सेंट पॉल शहरातला, लाओसहून आलेल्या ह्मोंग लोकांतला मुलगा. "आमच्यात झाडून सगळे मामा-काका मासे धरतात," तो म्हणाला, "मी तेवढा घराण्याला बट्टा."

"दिसतंय ते बुटांवरून!"

तेव्हा तो हसला... आणि अगं बाई, काय हसला! मी उगाचच गळांचे खोके सारखे करत बसले.

मी कॉफी पुढे केली आणि सोबत आमचा फिनिश वेलदोड्याचा पाव. "नको," म्हणाला. आमच्या मिनेसोटात पाहुण्याने तीनदा नाही म्हणायचं आणि मग संकोचत हात पुढे करायचा, अशी रीतच आहे. मी आग्रह केला. "खरंच नको." पुन्हा केला. "नको हो, मनापासून." झाले की तीन! मी तुकडा कापायला घेतला, तर हा अलार्म उचलून, पैसे ठेवून चालता झाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. पुन्हा तोच अलार्म.

"आता काय दोन खोपट्या?"

"एक... बिघडला."

"अलार्म की तुम्ही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. पावाला मात्र पुन्हा नाहीच. माझ्या हातचं खाववत नसेल तर याने येऊ तरी नये, असा राग आला मला. रागावून दिवसभर त्याचीच वाट पाहिली.

तिसऱ्यांदा आला तो धावतच. बूट तेच, चेहरा पार वेगळा. खिशातलं ओळखपत्र माझ्यापुढे धरलं. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ऑफिसातला तपास अधिकारी होता तो!

"कायसा, हे अलार्म वाजतच नाहीत. नुसता हिरवा दिवा लागतो. प्रयोगशाळेने आत्ता सांगितलं. तुमच्याकडून कुणी कुणी नेलेत?"

"बाबा..." मी म्हणाले.

वारा शिरू नये म्हणून खोपटीच्या पायाशी चहूबाजूंनी बर्फ लिंपायचा, एक फट ठेवायची नाही, ही आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची खोड. शेगडीचा विषारी वायू आत कोंडतो, पण अलार्म आहे ना, मग भ्यायचं कशाला! बाबा सकाळीच दुकानातला तसलाच अलार्म घेऊन तळ्यावर गेले होते. दुपार झाली तरी फोन नव्हता.

स्नोमोबाइल मी चालवली. तो मागे बसून रुग्णवाहिकेला फोनवर वाट सांगत होता. खोपटीचं दार बर्फाने अडलं होतं. त्याने ते लाथांनी उघडलं, त्याच बुटांनी. बाबा बाकावर कलंडले होते, हिरवा दिवा शांतपणे लागलेला. आम्ही त्यांना ओढून बाहेर उघड्यावर आणलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत होते. बऱ्याच वेळाने बाबांनी एक डोळा उघडला आणि पुटपुटले, "गळाला मोठा लागला होता... कुणी सोडला?"

माझा जीव भांड्यात पडला. मी रडत रडत त्यांना चार शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांना भेटायला तो इस्पितळात आला. मी अख्खा पावच त्याच्या हातात ठेवला. त्याने तो हळूच परत माझ्या हातात दिला.

"कायसा, मला घेता येत नाही. सरकारी नोकर आहे मी, कामापोटी कुणाकडून काही घ्यायचं नाही असा कायदा आहे. आणि आता तुम्ही साक्षीदार. तुमची साक्ष होईपर्यंत मला तुम्हाला भेटताही येणार नाही."

"माझे बाबा परत दिलेत तुम्ही! मी साधे आभारही मानायचे नाहीत?"

"माना ना. पण... लांबून."

काय म्हणावं या माणसाला! तो गेला. बर्फ वितळला, तळं मोकळं झालं, बाबा होडी रंगवायला लागले. फोन नाही, चौकशी नाही. बाबाच अधूनमधून सुस्कारा टाकत, "पोरगा चांगला होता गं." मी म्हणायचे, "रंग सांडतोय बघा."

वसंतात मला सेंट पॉलला सरकारी वकिलांच्या कचेरीत साक्षीला बोलावलं. कंपनीच्या विक्रेत्याने माझ्या दुकानात उभं राहून छातीठोकपणे सांगितलं होतं, एकेक नग तपासलेला आहे. कंपनी आता कानावर हात ठेवत होती. ऐकलं होतं ते मी एकटीने. माझा शब्द खोटा पडला तर कंपनी सुटणार आणि तेच दिवे पुढच्या हिवाळ्यात आणखी कुणाच्या बाबांच्या उशाशी लागणार.

शपथ झाली. मी सगळं सांगितलं. मग गावातली कुजबुज कानी पडलेला कंपनीचा वकील गोड हसत म्हणाला, "मिस लाहती, तपास अधिकारी वांग यांच्यावर तुमचं प्रेम आहे का?"

आली का पंचाईत! टंकलेखिकेची बोटं थबकली. हो म्हणावं, तर साक्ष पक्षपाती ठरणार. नाही म्हणावं, तर... शपथ घेतलेली. आणि खरं सांगू? शपथ नसती, तरी नाही म्हणवलं नसतं.

"हो," मी म्हणाले. "आहे. त्यांनी माझ्याकडची घोटभर कॉफीसुद्धा घेतली नाही, त्यांच्याकडून काही नाही. माझ्याकडून आहे. पण तुमच्या विक्रेत्याचं बोलणं मी ऐकलं, तेव्हा मी या माणसाला पाहिलंही नव्हतं. माझं प्रेम जडलं म्हणून तुमचा अलार्म वाजत नाही, असं तर नाही ना?"

वकिलाचं हसू मावळलं. सरकारी वकील डाल्ग्रेनबाई चष्मा पुसत शांतपणे म्हणाल्या, "नोंद करून घ्या. तळ्यावरून परतल्याच्या दिवशी वांग स्वतः माझ्याकडे आले होते. म्हणाले, 'साक्षीदारावर माझा जीव जडलाय, मला या खटल्यातून काढा.' त्या दिवसापासून त्यांनी या कागदांना हात लावलेला नाही. साक्ष उभी राहते."

माझे डोळे भरून आले. मी तिकडे पाव भाजत रागावत होते, आणि याने डाल्ग्रेनबाईंसमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं होतं... मला सोडून!

पायऱ्या उतरले तर तो खाली फुटपाथवर उभा. मला पाहून दोन पावलं पुढे आला, अडखळला.

"साक्ष झाली?"

"झाली. लाज गेली, साक्ष राहिली. तुमच्या बाई सगळं बोलल्या."

तो खाली बघायला लागला. "कायसा... मला एकच भीती होती. तू बाबांसाठी ऋणी आहेस. त्यालाच तू प्रेम समजत असशील तर? उपकाराच्या ओझ्याखाली तू हो म्हणावंस, असं मला नको होतं."

मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. गार पडला होता बिचारा.

"ऐक. आभार आहेत ना, ते मी त्या प्रयोगशाळेतल्या माणसांचेही मानते, डाल्ग्रेनबाईंचेही, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचेही. सगळ्यांना वाटले तरी पुरून उरतील एवढे आहेत माझ्याकडे. पण फेंग, त्यांच्यापैकी कुणासाठी मी आरशासमोर उभी राहून हा निळा फ्रॉक तीनदा बदलला नाही."