संत नाउमच्या कबरीतला ठोका

गेल्या मार्चमधली गोष्ट. मी वसईची, नाव जोसेफिन, दुबईत घरी जाऊन पेशंट बघणारी नर्स. तेव्हा माझी दिवसपाळी देराला, खाडीजवळच्या एका फ्लॅटमध्ये होती. पेशंटचं नाव ल्यूबित्सा. ब्याऐंशी वर्षांच्या, उत्तर मॅसिडोनियातल्या, भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्या भाषेत आजीला 'बाबा' म्हणतात, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणायचे. दोन वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा ब्लागोय एका हॉटेलात इंजिनिअर.

पलंगाशेजारी भिंतीवर त्यांच्या देशाचा शाळेतला जुना नकाशा होता. दुपारची औषधं झाली की मोडक्या इंग्रजीत त्या मला तो देश दाखवायच्या. आधी डोंगर, मग वार्दार नदी, आणि शेवटी ओह्रिडचं तळं. तिथे पोचल्या की त्यांचा आवाज हळू व्हायचा. युरोपातल्या सगळ्यात जुन्या तळ्यांपैकी एक, जवळजवळ तीनशे मीटर खोल. काठच्या गावात एके काळी वर्षाच्या दिवसांइतकी चर्चेस होती म्हणे. वर टेकडीवर राजा सामुईलचा किल्ला. दक्षिणेला संत नाउमचा हजार वर्षांपूर्वीचा मठ, अंगणात मोर, आणि शेजारी, तळाशी पांढरे खडे दिसणारे, असे नितळ झरे की होडी हवेत तरंगतेय असं वाटावं. मी वीस वर्षं या वाळूत काढलेली बाई. ऐकता ऐकता मला तहान लागायची.

"मठात संताची कबर आहे," त्या सांगायच्या. "दगडाला कान लावला की हृदयाचा ठोका ऐकू येतो."

त्यांना एकदा परत जायचं होतं. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं होतं.

त्या दिवशी मी खालच्या फार्मसीतून औषधं घेऊन वर आले, तेव्हा चार वाजत होते. बाहेर धूळ उठली होती, खिडकीच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या.

"सिस्टर, आज तू कान लाव," बाबा म्हणाल्या. बोट नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे, ओह्रिडच्या तळ्यावर.

त्यांचं मन राखायला मी वाकून कान टेकला.

ठक्... ठक्...

एसी असेल म्हणून तो बंद केला. परत कान लावला. खोली गप्प झाली होती, ठोका तसाच. त्याच्यामागे कुठेतरी पाणी काठाला लागत होतं. आणि वास... गार, शेवाळी, पण त्यात मीठ नव्हतं. समुद्राचा वास मला चुकत नाही. हा समुद्र नव्हता.

सवयीने मी ठोके मोजू लागले. दर चौथा ठोका गळत होता. हे हृदय माझ्या ओळखीचं होतं. रोज सकाळी चार्टवर मीच त्याची नोंद करत होते.

मी बाबांचं मनगट धरलं. नाडी नव्हती. मानेला बोटं लावली. स्टेथोस्कोप लावला. काहीच नाही...

बाबा शांतपणे माझ्याकडे बघत होत्या.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "ते पुढे गेलंय."

मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, मग ब्लागोयना. छाती दाबायला हात ठेवले, पण बोलणाऱ्या माणसाची छाती कशी दाबायची?

"आई बोलतेय ना?" फोनवर ब्लागोयनी विचारलं.

"बोलतायत, सर. तुम्ही लवकर या." त्यापुढचं मला सांगता येईना.

वीस मिनिटं लागली त्यांना. तेवढा वेळ बाबा बोलत राहिल्या, समोर बघून सांगावं तशा. होडी निघाली... ऊन पाण्यात किती खोल उतरलंय बघ... त्यांचा हात बर्फासारखा होता. मी सोडला नाही. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगते, तरीही पुढचं ऐकायचं होतं.

ब्लागोय आले, गुडघ्यांवर बसले. बाबांनी त्यांच्या गालाला हात लावला, त्यांच्या भाषेत चार शब्द बोलल्या आणि डोळे मिटले. मागोमाग पोचलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या लोकांनी तपासून नकारार्थी मान हलवली. मी भिंतीला कान लावला. तिथेही शांत.

ब्लँकेट नीट करताना बाबांचे तळवे दिसले. बारीक पांढरे खडे चिकटले होते त्यांना. ओले. ब्लागोयनी ते रुमालात गोळा केले.

मी अल कुसैसला खोलीवर आले. दारात बूट काढले तर दोन्ही मोजे घोट्यापर्यंत भिजलेले.

"कुठल्या पाण्यात गेली होतीस गं?" माझ्या रूममेटने, रुपालीने विचारलं.

मी मोजे पिळून बाल्कनीत टाकले. दुबईच्या उन्हात जाड टॉवेलसुद्धा तासाभरात वाळतो.

चौथ्या दिवशीही ते ठिबकत होते.