गोजरबाईच्या पेन्शनचा कागद

"चोर घरातलाच आहे," ज्योती म्हणाली. "तो कोण, एवढंच मला हवंय."

पंकजाचं खासगी तपासाचं ऑफिस नगरला सावेडीत होतं. निवृत्त पोस्टमास्तर वैजनाथकाका तिच्या मदतीला असत. दोघांनी ज्योतीची हकीकत ऐकून घेतली.

ज्योती श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावची सून, कॉलेजात इतिहास शिकवायची. नवऱ्याचे पणजोबा गहिनीनाथ पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि तिकडेच वारले. त्यांना दोन बायका, झुंबरबाई आणि गोजरबाई. ज्योतीचं सासर झुंबरबाईच्या वंशातलं. गोजरबाई लग्नाची नव्हतीच, असं या घरात वर्षानुवर्षं सांगत आले होते.

मग ज्योतीला माळ्यावरच्या पेटीत पेन्शनचे मूळ कागद सापडले. सगळे मोडी लिपीत. ती मोडी शिकली आणि कागद वाचले. गहिनीनाथांनी वारस म्हणून 'पत्नी गोजरबाई' हेच नाव लिहून दिलं होतं आणि विधवेचं पेन्शन शेवटपर्यंत तिलाच मिळालं होतं. ती वारल्यावर तिचे कागद या घरातल्या कुणीतरी उचलून आणले आणि पेटीत दडवले.

ज्योतीने दोन्हीकडच्या माणसांना बोलावून पान न् पान दाखवलं. ग्रामपंचायतीसमोर गहिनीनाथांच्या नावाचा दगड बसणार होता, शेजारी काचेत हे कागद. पण शुक्रवारी एक पान गायब झालं. हयातीच्या दाखल्याचं. आपण जिवंत आहोत हे दाखवायला गोजरबाई दर वर्षी सरकारी खजिन्यात जाऊन अंगठा उठवायची. ते सगळे अंगठे त्या पानावर होते. बाकीच्या पानांवर नुसती मोडी.

"वारसाचं पान?" पंकजाने विचारलं.

"जागेवर आहे."

"झेरॉक्स काढली होती?"

"सगळ्यांची. माझ्या कपाटात त्याच कप्प्यात, शेजारीच होती. घरात सर्वांना ठाऊक होतं. तिला कुणी हात लावलेला नाही."

दुसऱ्या दिवशी ते गावात पोचले. ज्योतीचा थोरला दीर राधाकृष्ण साखर कारखान्यात कामाला होता. शेताच्या जुन्या वादापायी मोडी शिकलेला. झुंबरबाईला घरात बसवून सवतीचं नाव गावासमोर काचेत लावायचं, हे त्याला सहन होत नव्हतं. ते त्याने लपवलं नाही. शुक्रवारी तो दुपारी जेवायला घरी आला होता. बोलणं संपल्यावर त्याने पंकजाला विचारलं, पान सापडेल का?

त्याची बायको सत्यशीला वेगळ्याच कारणाने धुमसत होती. घर तिने सांभाळलं, आणि गाव आता धाकट्या जावेला मॅडम मॅडम करत होतं. आतल्या खोलीतलं ज्योतीचं कपाट दिवसा उघडंच असतं, असं तिने सांगितलं. शुक्रवारी सकाळी मालनआत्या विरजण मागायला आल्या होत्या. ती स्वयंपाकघरात गेली तेवढा वेळ त्या आतल्या खोलीत टेकल्या. पान मिळालं का, हे तिनेही दोनदा विचारलं.

मालनबाई गोजरबाईची नात. आईमागे आजीनेच तिला वाढवलं. गल्लीच्या टोकाला एकटीच राहायची. आपल्याला अक्षर येत नाही, पण आजीबरोबर खजिन्यात मीच जायचे, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आजोबाचं लढाईतलं पदक सत्यशीलाच्याच कपाटात हाय ना अजून? आन् त्यांचा फोटो?"

बाहेर आल्यावर वैजनाथकाकांनी निकाल दिला. "राधाकृष्ण. सारख्या दिसणाऱ्या मोडी पानांतून नेमकं पान काढायचं तर मोडी यायला हवी. आणि मालनबाईंचा तर या कागदांनी फायदाच होता."

संध्याकाळी पंकजाने सगळ्यांना पडवीत बसवलं.

"गोजरबाईचं नाव कुणाला पुसायचं असतं," ती म्हणाली, "तर वारसाचं पान गेलं असतं. राधाकृष्णला ते वाचता येतं, तरी ते जागेवर आहे. ज्योतीची फजिती करायची असती, तर सत्यशीलावहिनींनी झेरॉक्सही नेली असती. म्हणजे चोराला मजकूर नकोच होता. त्याला तो कागदच हवा होता, खरा."

मग ती वैजनाथकाकांकडे वळली.

"काका म्हणाले, चोराला मोडी येते. उलट आहे. न वाचता ओळखता येईल असं एकच पान त्यात होतं, अंगठ्यांचं. जे गेलं ते गोजरबाईचं, तरी सापडेल का असं तिच्या नातीने एकदाही विचारलं नाही. मालनआत्या, ते तुमच्या घरी आहे म्हणून ना?"

मालनबाईने मान खाली घातली नाही.

"व्हय. यांच्याकडं पदक हाय, फोटो हाय, समदं हाय. आजीचं तेवढं एक हुतं, ते बी यांनीच पेटीत कोंडलं. आता काचेत घालून ह्यांच्याच घरचं म्हनून मिरवनार. तिचा हात धरून मी शाईला लावायचे. तो अंगठा माझा हाय."

सत्यशीला उसळली. कागद परत द्या, नाहीतर पोलिसांत जाऊ.

"देते की," मालनबाई म्हणाली. "तू पदक दे."

सत्यशीलाचा हात कमरेला खोचलेल्या कपाटाच्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. राधाकृष्ण जमिनीकडे पाहत होता. पदक आणायला कुणीच उठलं नाही.

शेवटी ज्योती म्हणाली, "कागद तुमच्याकडेच राहू द्या, आत्या. आणि दगडावर दोघींची नावं घालू या."

राधाकृष्णने बऱ्याच वेळाने होकारार्थी मान हलवली.

मालनबाईचे डोळे भरून आले. पदराने तिने ते पुसले. मग तिने ज्योतीला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,

"आजीचं नाव वर घालनार, का खाली?"